कुत्र्याने घरातलं केमिकल गिळलं तर? (उलटी काढायच्या आधी वाचा)

रानवारा

दुसऱ्या एका धाग्यावर विषयांतर होऊन हा मुद्दा आला आणि तिथेच बुडाला, म्हणून स्वतंत्र धागा. तिथे कुणीतरी विचारलं होतं की कुत्र्याने ड्रेन क्लीनर चाटलंय, काय करू? बघता बघता सल्ले आले: मिठाचं पाणी पाजा, दूध पाजा, लिंबू पिळा, जळका पाव चारा, घशात बोटं घाला, काही करू नका कुत्री दणकट असतात. सगळे चांगल्या मनाने दिलेले. पण विचारणाऱ्याने मीठ आणि लिंबू दोन्ही मनावर घेतलं असतं, तर ड्रेन क्लीनरपेक्षा उपायच जास्त भोवला असता.

मी वाचून आणि विचारून जे जमवलंय ते टाकतो. चुकत असेल तिथे जाणकारांनी कान धरावा.

अशा वेळी पहिला विचार येतो तो पोटातून ते बाहेर कसं काढायचं याचा. त्याआधी पोटात नेमकं काय गेलंय ते कळायला हवं, कारण उलटी काढायची की नाही हे त्यावरच ठरतं. तेव्हा कुत्र्याला तिथून बाजूला घ्या, बाटली हातात घ्या आणि लेबलचा फोटो काढा. पुढच्या चित्राचा फोटो उपयोगाचा नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक आणि त्यांची टक्केवारी असते, तो भाग हवा. मग डॉक्टरांना फोन. ते विचारणार ते ठरलेलं असतं: काय, किती, कधी, कुत्र्याचं वजन किती आणि आत्ता तो कसा आहे.

'किती' यावर सगळे अडखळतात. बाटलीत आधी किती होतं, आता किती उरलंय आणि फरशीवर किती सांडलंय याचा हिशोब करा. नक्की सांगता येत नसेल तर जास्तीत जास्त किती गेलं असेल तो आकडा सांगा, कमीत कमी नव्हे. आपण नेमकं उलटं करतो, मनाच्या समाधानासाठी.

सोनचाफा

चांगला धागा. पण एक कळत नाही. विष पोटात गेलं की उलटी काढायची हे लहानपणापासून ऐकतोय. वर आलं की सुटलो, असं सरळ गणित वाटतं. मग नाही का काढायची?

गोठा_ते_दवाखाना

पशुवैद्य आहे, म्हणून थोडं लांबवतो.

तीन प्रकारच्या वस्तूंना घरी उलटी अजिबात काढायची नाही. पहिला, भाजणारे पदार्थ: टॉयलेट क्लीनर, ड्रेन क्लीनर, ओव्हन क्लीनर, बॅटरीतलं द्रव, डिशवॉशरच्या गोळ्या. खाली जाताना अन्ननलिका एकदा भाजते, वर येताना तीच जागा पुन्हा भाजते. दुसरा, केरोसीन, पेट्रोल, टर्पेंटाइन, थिनर, काही फर्निचर पॉलिश. हे पातळ आणि निसरडं असतं, उलटीच्या वेळी श्वासनलिकेत उतरतं. पोटात त्याने होणारं नुकसान बहुतेकदा निभावतं, फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो आणि तोच जीव घेतो. तिसरा, फेस होणारे पदार्थ, म्हणजे डिटर्जंट, शाम्पू, भांड्यांचं लिक्विड. इथे फेस श्वासात जायची भीती.

शिवाय वस्तू कोणतीही असो, कुत्रा गुंगीत असेल, तोल जात असेल, झटके येत असतील किंवा आधीच उलट्या करत असेल तर उलटी काढायची नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर घरी नाहीच.

आता ॲसिड आणि अल्कली यांतला फरक, कारण लोक इथे फसतात. ॲसिड जिभेला लागताच झोंबतं. कुत्रा झटक्यात तोंड काढतो, डोकं हलवतो, पंजाने तोंड घासतो. घरच्यांना लगेच कळतं. अल्कली, म्हणजे ड्रेन आणि ओव्हन क्लीनरमधला कॉस्टिक सोडा, पहिल्या क्षणी तितकं दुखत नाही. त्यामुळे कुत्रा जास्त गिळून बसतो. आणि ते खोल जातं: चरबीचा साबण करतं, प्रथिनं विरघळवतं आणि वाट करत आत शिरत राहतं. तोंड उघडून पाहिलं तर जीभ गुलाबी दिसते, घरचे म्हणतात वाचलो. तोंडात काही न दिसता अन्ननलिका भाजलेली असू शकते. लाल, राखाडी-पांढरे चट्टे उमटायला काही तास लागतात.

टिंबटिंब

अल्कली असेल तर लिंबू किंवा व्हिनेगर आणि ॲसिड असेल तर खायचा सोडा, हे तर शाळेतलं रसायनशास्त्र आहे. त्यात चुकीचं काय? (वाद घालत नाहीये, खरंच विचारतोय.)

गोठा_ते_दवाखाना

परीक्षानळीत बरोबर आहे. त्या नळीला स्पर्श केलात तर ती गरम लागते, ते आठवत असेल. ती उष्णता आधीच भाजलेल्या अन्ननलिकेत निर्माण होते. सोड्याने वर वायू तयार होतो आणि पोट फुगतं, जखमी पोटाला तेच नको असतं. त्यामुळे उदासीन करायच्या भानगडीत पडायचं नाही.

करायचं ते पातळ करणं, आणि तेही जपून. कुत्रा पूर्ण शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर थोडं पाणी किंवा दूध स्वतःहून पिऊ द्यावं, शक्यतो फोनवर विचारून. वाटीभर ओतू नका. पोट गच्च भरलं की उलटी आलीच, आणि तीच टाळायची आहे. तोंडात जबरदस्तीने द्रव ओतणं तर सगळ्यात वाईट.

सोनचाफा

मग तोंड धुवायचं कसं? आमची जर्मन शेफर्ड आहे, तिच्या तोंडात पाणी घालायचं म्हणजे कुस्ती.

गोठा_ते_दवाखाना

डोकं खाली झुकलेलं हवं, वर केलेलं नको. ओठाचा कोपरा बोटाने बाहेर ओढा, गालाची छोटी खोळ तयार होते. तिथून सुई नसलेल्या सिरिंजने किंवा बारीक धारेने पाणी सोडा, म्हणजे ते हिरड्यांवरून आणि जिभेवरून फिरून समोरून बाहेर पडेल. घशाच्या दिशेने धार मारायची नाही. ओल्या फडक्याने हिरड्या आणि टाळू पुसल्या तरी बराच फरक पडतो. हातात मोजे घाला, तिच्या तोंडाला लागलंय ते तुमच्याही हाताला लागणार. आणि दुखऱ्या तोंडाचा कुत्रा स्वतःच्या माणसालाही चावतो, ते मनाला लावून घेऊ नका. मुसके मात्र बांधू नका, उलटी आली तर ती आतच अडकेल.

पंजे आणि अंगही बघा. पुष्कळदा कुत्रा पीत नाही, सांडलेल्यात चालतो आणि नंतर पंजे चाटतो. कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. अंगावर रंग किंवा तेलकट काही असेल तर ते काढायला थिनर वापरू नका. डोळ्यात गेलं असेल तर साध्या पाण्याने १५ ते २० मिनिटं सलग.

झोपाळू_बोका

अवांतर: बोकेवाल्यांनीही हे वाचावं, फक्त त्यांच्यासाठी सगळं आणखी कडक. मांजर बाटलीला तोंड लावत नाही, पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालते आणि मग तासभर स्वतःला चाटते. आमच्याकडे नुसत्या फॅब्रिक सॉफ्टनरच्या थेंबांवरून जीभ सोलली होती. आणि कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनचे मानेवर लावायचे पिसवांचे थेंब मांजरीला चुकूनही लावू नका, तिच्यासाठी ते जीवघेणे आहेत.

गोठा_ते_दवाखाना

@झोपाळू_बोका, अवांतर कसलं, महत्त्वाचं आहे. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजरीच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. सॉफ्टनर आणि बऱ्याच जंतुनाशकांत बेन्झाल्कोनियम क्लोराइडच्या जातीची रसायनं असतात. ती साबणासारखी वाटतात, पण साबणापेक्षा कितीतरी जास्त झोंबरी. काही तासांनी जिभेवर फोड, लाळेच्या धारा, ताप. कुत्र्यातही होतं, मांजरात जास्त.

साध्या आंघोळीच्या साबणाच्या वडीचा तुकडा खाल्ला तर मात्र बहुतेकदा एखादी उलटी, जुलाब, संपलं. नेहमीचं पातळ ब्लीच थोडंसं चाटलं तरी सहसा लाळ आणि मळमळ यापुढे जात नाही. जास्त तीव्र ब्लीच भाजतं. आणि सांडलेलं ब्लीच साफ करायला त्यावर टॉयलेट क्लीनर ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. मग कुत्र्यासोबत तुम्हीही आडवे.

कोरा_कागद

डांबरगोळ्यांचं सांगाल का? कपाटाखाली गेलेली गोळी आमच्या लॅब्राडॉरने खाल्ली होती. फोन केला तर डॉक्टरांनी पहिलं वाक्य म्हटलं, "दूध देऊ नका." इथे तर सगळे दूधच सुचवतात.

गोठा_ते_दवाखाना

बरोबर सांगितलं त्यांनी. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन चरबीत विरघळतं. दूध, लोणी, तेल दिलं की ते आतड्यातून जास्त शोषलं जातं. उंदरांच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचंही तेच. भाजणाऱ्या पदार्थावर थोडं दूध चालतं आणि डांबरगोळीवर तेच दूध घात करतं. दूध सर्व विषांवर उतारा ही समजूत का मोडायला हवी ते यावरून कळावं. तेल पाजून 'आतून गुळगुळीत' करायची कल्पनाही सोडा, ते श्वासात गेलं की वेगळीच न्यूमोनिया.

गोळी कशाची आहे हे घरी ओळखता येतं. कापूर साध्या पाण्यावर तरंगतो. नॅफ्थलीन साध्या पाण्यात बुडतं, पण मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेल्या पाण्यावर तरंगतं. पॅराडायक्लोरोबेन्झीन (काही गोळ्या याच्याही असतात) दोन्हीत बुडतं. उरलेल्या गोळीवर ही परीक्षा करा, पण दवाखान्यात निघायचं थांबवून नव्हे. घरात कुणी दुसरं असेल तर त्याला सांगा. कापराने लवकरच झटके येऊ शकतात, त्यामुळे तिथे उलटी काढायला डॉक्टरही कचरतात. नॅफ्थलीन सावकाश विरघळतं, म्हणून उशिरा गेलात तरी पोटातली गोळी काढण्याचा उपयोग होतो. पुढचे काही दिवस हिरड्या बघत राहायच्या: फिक्या, पिवळट किंवा चॉकलेटी झाल्या, लघवी गडद झाली तर तांबड्या पेशी फुटत आहेत किंवा रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद गेली आहे.

शेपटीवाला

यात भर म्हणून गाडीचं कूलंट. गोडसर असतं, कुत्री चवीने चाटतात. त्यातलं विष म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. सुरुवातीला कुत्रा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, फार पाणी पितो. मग काही तासांनी बरा वाटतो आणि तिथेच घात होतो. त्या 'बरं वाटण्याच्या' काळात यकृत त्याचं रूपांतर किडनी मारणाऱ्या पदार्थांत करत असतं. एक ते तीन दिवसांत लघवी बंद. उतारा आहे, फोमेपिझोल, नाहीतर दवाखान्यात मोजून दिलेलं इथेनॉल. पण तो पहिल्या काही तासांतच लागू पडतो, आठ ते बारा तासांनंतर आशा झपाट्याने कमी होते. कूलंटची बाटली असलेल्या जागी कुत्रा झिंगलेला दिसला तर उजाडायची वाट बघू नका.

(कुणी म्हणेल मग घरीच दारू पाजू. नको. मात्रा शिरेतून, तपासण्या करत द्यावी लागते.)

टिंबटिंब

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल कुणीच बोललं नाही. परदेशी चॅनलवर सर्रास पाजताना दाखवतात. आणि कोळसा? जळका पाव तरी त्यातलाच ना?

गोठा_ते_दवाखाना

जळका पाव म्हणजे जळका पावच. औषधी कोळशावर प्रक्रिया करून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात, त्या पृष्ठभागावर विष चिकटतं. पावाच्या काजळीत ते नसतं. आणि खरा कोळसाही सगळ्यावर चालत नाही. ॲसिड, अल्कली, अल्कोहोल, इथिलीन ग्लायकॉल, केरोसीन, धातू यांना तो जवळपास धरतच नाही. म्हणजे या धाग्यावरच्या निम्म्या बाटल्यांवर निरुपयोगी. भाजलेल्या अन्ननलिकेवर तर काळं सारवण, दुर्बिणीतून जखमही दिसेनाशी.

पेरॉक्साइड: ३ टक्क्यांचं, ताजं, आणि डॉक्टरांनी फोनवर वस्तू ऐकून, वजनानुसार मात्रा सांगून 'द्या' म्हटलं तरच. दवाखाना फार लांब असेल तेव्हाचा तो मार्ग आहे. केसांना लावायचं तीव्र पेरॉक्साइड स्वतःच भाजतं. ३ टक्क्यांनीही पोटाला सूज येते, रक्ताची उलटी होऊ शकते. मांजरीला कधीच नाही. मी मुद्दाम मात्रा लिहीत नाही, कारण धाग्यातून आकडा उचलून कुणीतरी ड्रेन क्लीनरवर वापरेल. आमच्याकडे ॲपोमॉर्फिनचं इंजेक्शन असतं, आता काही ठिकाणी डोळ्यात टाकायचे रोपिनिरोलचे थेंबही मिळतात. त्यांनी उलटी काही मिनिटांत आणि आमच्या नजरेखाली होते.

मिठाच्या पाण्यावर एक स्वतंत्र ओळ. उलटी झाली नाही तर ते सगळं सोडियम रक्तात जातं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं, झटके येतात. साबण चाटलेला कुत्रा मिठाने मरू शकतो. मोहरीही नको, घशात बोटंही नकोत.

सोनचाफा

म्हणजे उलटी कधीच नाही असं धरून चालू?

गोठा_ते_दवाखाना

असंही नाही. नॅफ्थलीन, रक्त पातळ करणारं उंदरांचं औषध, नुकतंच चाटलेलं कूलंट: यात तास-दीड तासाच्या आत दवाखान्यात काढलेली उलटी फार मोलाची. म्हणून तर आधी लेबल.

रक्त पातळ करणाऱ्या उंदराच्या वड्यांचं (ब्रोमॅडिओलोन वगैरे) वेगळं सांगतो. पहिले दोन-तीन दिवस कुत्रा खेळतो, जेवतो. शरीरात साठलेले गोठण्याचे घटक संपले की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रक्तस्राव सुरू होतो, आणि तोही पुष्कळदा छातीत किंवा पोटात, बाहेर न दिसणारा. नुसता धाप लागलेला, मलूल कुत्रा. वेळेत आलात तर व्हिटॅमिन के-१ च्या गोळ्या साधारण तीन-चार आठवडे आणि बहुतेक कुत्री ठणठणीत. औषध संपल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी पुन्हा करायची, ती लोक टाळतात.

उंदरांचं विष झिंक फॉस्फाइडचं असेल तर मात्र खबरदारी तुमचीही. पोटातल्या ॲसिडशी त्याचा फॉस्फिन वायू होतो, सडक्या माशासारखा किंवा लसणासारखा वास. कुत्र्याला खायला देऊ नका, खाल्लं की ॲसिड वाढतं. गाडीत उलटी झाली तर काचा खाली करा, वास घेत बसू नका. दवाखान्याला आधी कळवा म्हणजे ते उघड्यावर व्यवस्था करतील.

कोरा_कागद

डासांच्या मशीनच्या रिफिलचं? ती जमिनीलगतच्या सॉकेटला असते आणि पिल्लू नेमकं तिथेच पोचतं.

शेपटीवाला

माझ्या माहितीत त्यातलं पायरेथ्रॉइड (डास मारणारं रसायन) फारच थोडं असतं आणि कुत्री ते बऱ्यापैकी पचवतात, जास्त चिंता ते ज्या तेलकट द्रावणात मिसळलेलं असतं त्याची. म्हणजे वरचा केरोसीनचा नियम. डॉक दुरुस्त करतील.

गोठा_ते_दवाखाना

दुरुस्ती नाही. खोकला, जलद श्वास, ताप यांवर एक-दोन दिवस नजर ठेवा. स्नायू थरथरत असतील तर लगेच आणा.

आणि बटणाएवढ्या बॅटऱ्या विसरू नका, रिमोट चावणारी पिल्लं पुष्कळ. त्या फुटायलाच हव्यात असं नाही. अन्ननलिकेत अडकल्या की ओल्या अस्तरातून वीज वाहते आणि तिथेच अल्कली तयार होतं. तास-दोन तासांत खोल जखम. उलटी नाही, सरळ एक्स-रे.

रानवारा

वर मूळ लेखात हे सगळं जोडतो. अजून एक विचारायचं होतं. निघताना सोबत काय घ्यावं, आणि 'धावत सुटा' हे कोणत्या लक्षणांवर?

गोठा_ते_दवाखाना

मूळ बाटली, उभी, पिशवीत गुंडाळून. दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवलेलं असेल तर तेही सांगा, पाण्याच्या बाटलीतलं ॲसिड ही आमची नेहमीची डोकेदुखी. उलटी झाली असेल तर थोडी पिशवीत बांधून आणा. आधी फोन करा, कारण प्रत्येक दवाखान्यात रात्री माणूस किंवा औषध असेलच असं नाही. प्राण्यांसाठी विषबाधा हेल्पलाइन काही देशांत चोवीस तास चालते. तुमच्याकडे असेल तर तो नंबर आत्ताच फोनमध्ये ठेवा.

फोनची वाट न बघता निघायचं ते झटके, शुद्ध हरपणं, श्वासाला त्रास, काळी किंवा रक्ताची उलटी, पांढऱ्या-निळ्या हिरड्या यांवर. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी.

झोपाळू_बोका

वाचनखूण साठवली. एक शेवटचं: दवाखान्यातून घरी आणल्यावर किती दिवस जपायचं? आमच्या शेजारच्या कुत्र्याला टॉयलेट क्लीनरनंतर घरी सोडलं, आणि दोनेक आठवड्यांनी तो खाल्लेलं तसंच बाहेर टाकायला लागला.

गोठा_ते_दवाखाना

ते आकुंचन असणार. भाजलेली जागा भरून येताना तिथे व्रण होतो आणि अन्ननलिका अरुंद होते. हे काही आठवड्यांनीही दिसू शकतं. म्हणून भाजण्याच्या केसमध्ये पहिल्या एक-दोन दिवसांत दुर्बिणीने तपासतात, सुक्रालफेट (जखमेवर थर धरणारं औषध) आणि ॲसिड कमी करणारी औषधं देतात, वेदनाशामक देतात. ते आपल्या मनाने देऊ नका, माणसांची पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेन तर मुळीच नको. जेवण मऊ, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा.

घरच्यांना ते उलटी वाटतं, पण नीट पाहिलं तर वेगळं असतं. उलटीत पोट आक्रसतं, कुत्रा उबळ काढतो. इथे मान खाली घातली की न पचलेलं अन्न लांबट आकारात आपसूक बाहेर पडतं, बहुतेकदा खाल्ल्या-खाल्ल्या. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, निदान निम्मं तिथेच होतं. फुग्याने ती जागा रुंद करता येते, पण एकदाच करून बहुधा भागत नाही. तेव्हा त्या शेजाऱ्यांना आजच फोन करायला सांगा, कारण तसं बाहेर आलेलं अन्न पुन्हा श्वासात जाऊ शकतं.